कामाच्या जागी पुढारपण : एका कामगाराचे अनुभव

(मलकापूर येथे नोकरी-व्यवसाय करणाऱ्या तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंधरा दिवसांपूर्वी संस्थेचे कार्यकर्ते माझ्या घरी आले आणि त्यांनी एका कागदावर विषय लिहून दिला. 'नेतृत्वगुण आणि कामाच्या ठिकाणचे निकोप, प्रगतिशील वातावरण.' मी कागद दोनदा वाचला आणि म्हणालो, बाबांनो, हा विषय एखाद्या प्राध्यापकाला द्या. मी साखर कारखान्याच्या मिलमध्ये तेलाग्रीसात हात बुडवलेला माणूस. १९७९ च्या गळीत हंगामात हंगामी हेल्पर म्हणून लागलो आणि २०१८ साली शिफ्ट सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. मला व्याख्यान कसले जमणार? त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, 'काका, प्राध्यापक मागच्या वर्षी झाले.' तेव्हा मी होकार दिला. सबब जे काही सांगेन ते पुस्तकातले थोडे आणि कारखान्यातले जास्त असेल, ते आपण गोड मानून घ्यावे.

समोर बसलेल्यांपैकी कोणी तासवडे एम.आय.डी.सी.त आहे, कोणी दवाखान्यात, कोणी हायवेच्या गॅरेजमध्ये, कोणी बँकेत. हल्ली तुमच्या कामाच्या ठिकाणी भिंतीवर नेतृत्वाची चित्रे लावलेली असतात. डोंगराच्या शिखरावर एक माणूस हात वर करून उभा असतो आणि खाली इंग्रजीत सुविचार. मी ती चित्रे माझ्या मुलाच्या कंपनीत पाहिली. माझ्या मनात आले, हा माणूस वर एकटाच का उभा आहे? त्याचे सामान वाहून नेणारे कुठे गेले? असो. मी शिखरापासून सुरुवात करणार नाही. मी माठापासून सुरुवात करतो.

आमच्या मिल हाउसच्या दाराशी पाण्याचा एक मोठा माठ होता. माठ एकच होता, हे मुद्दाम सांगतो, कारण पूर्वीसारखे दोन माठ ठेवण्याचे दिवस तोवर सरले होते. कायदा झालेला होता, संविधान होते. परंतु आमच्यापैकी कोणी त्या माठात तांब्या बुडवत नसे. दुसऱ्या कोणीतरी वरून ओतायचे आणि आम्ही ओंजळीने प्यायचे. कोणी सांगितले होते म्हणाल, तर कोणीच नाही. कुठे लिहिलेले होते म्हणाल, तर कुठेच नाही. मी पहिल्या दिवशी गेलो आणि माझ्या आधी लागलेल्या आपल्याच माणसाने कोपराने ढोसून मला बाजूला केले. झाली माझी भरती पूर्ण.

तीन-चार आठवड्यांनी एक नवीन फोरमन बदलून आले. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. ते आपल्या समाजाचे नव्हते, कुठल्या चळवळीतलेही नव्हते. स्वभावाने तर तापटच. रात्रपाळीला बॉयलरच्या बाजूने घाम पुसत आले, स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, 'ए पोरा, तांब्याभर पाणी आण.' मी उभाच राहिलो. सगळे माझ्याकडे बघताहेत. ते पुन्हा म्हणाले, 'ऐकू येत नाही का? माठ तिथं आहे.' मी माठात तांब्या बुडवला, पाणी आणून दिले. त्यांनी ते तोंड लावून प्याले, तांब्या परत दिला आणि म्हणाले, 'तू पण पी, तोंड सुकलंय तुझं.' बस्स. भाषण नाही, उपदेश नाही. त्यानंतर दोन माणसे महिनाभर घरून बाटली आणत होती. मग त्यांनाही ओझे झाले आणि त्यांनी ते सोडून दिले.

तात्यांना हे सर्व ठाऊक होते की नव्हते, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. मला वाटते, पक्के ठाऊक होते.

मित्रहो, हा माठ काही आमच्या कारखान्याने शोधलेला नव्हता. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, अर्थशास्त्र शिकवणारा. तिथल्या काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली ती त्यांच्या शिकवण्यावर नव्हे, तर प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यातून ते पाणी पितात यावर. त्याच्या आधी बडोद्याच्या नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत, हे आपण चरित्रात वाचले आहे. आणि आपल्या भागापुरते सांगायचे तर, १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ती लहान मुले मसूरच्या स्टेशनावर उतरली होती. मसूर आपल्याच तालुक्यात. स्टेशनमास्तरला जात कळल्यावर तो पाच पावले मागे सरला, दुप्पट भाडे देऊन गाडी ठरली, गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले, आणि रात्रभर डबा जवळ असूनही पाण्यावाचून ती मुले उपाशी राहिली. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. कऱ्हाडहून साताऱ्याकडे रेल्वेने जाताना ते स्टेशन लागते. एकदा उतरून पाहा.

कामाच्या जागेवर माणसाची वाढ कशी खुंटवतात याचा याहून मोठा दाखला मुंबईच्या कापड गिरण्यांत होता. आपली हजारो माणसे गिरण्यांत होती, परंतु विणाई खात्यात नव्हती. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावा लागे. तो तोंडाचा धागा दुसऱ्याला कसा चालणार? म्हणून ज्या खात्यात पगार जास्त, त्या खात्याचे दार बंद. मालक बंद करत होता असेही नाही, शेजारचा कामगारच बंद करत होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. तुमच्या मागण्यांत ही मागणी घाला, नाहीतर आमची माणसे तुमच्या संपात राहणार नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी हाच हिशेब पुन्हा मांडला. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे ते तिथे म्हणाले. आपण हे वाक्य सभेत टाळ्यांसाठी वापरतो. परंतु त्याच्या मागे कोणाला बढती मिळते, कोणाला मिळत नाही, कोण आयुष्यभर गँगमनच राहतो, याचा बारीक तपशील होता.

पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले तेव्हा स्वतः खाली खाणीत उतरले. आपले लोक म्हणतात, आठ तासांचा दिवस बाबासाहेबांनी दिला. खरे आहे, पण नेमके सांगावे. कायम चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याला ५४ तास काम होते, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर आले. आणि आमच्यासारख्या हंगामी कारखान्यांत ६० तास होते, तेही कमी झाले. मी हेल्पर असताना हे मला कोणी सांगितले नव्हते. आठवड्याची सुट्टी घेताना मला वाटायचे, चीफ इंजिनिअर साहेब मेहरबान आहेत.

पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पिण्याच्या पाण्याचे स्वतंत्र कलम आले. पाण्याच्या जागेवर कामगारांना समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे, ती जागा संडास-मुताऱ्यांपासून दूर असावी, अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार असावे. सगळे होते. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला आहे. कायद्याने आमच्या दारात माठ आणला. परंतु त्यात तांब्या कोणी बुडवायचा हे मात्र तात्यांनी ठरवले. म्हणून मी म्हणतो, साहेब बनण्याआधी फोरमन कसे असतात ते शिका. कामगाराला कंपनी म्हणजे भिंतीवरची पाटी नसते. त्याला कंपनी म्हणजे त्याच्या पाळीचा मुकादम.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला सोपे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सभेत सांगतो आहे.

तात्यांच्या हाताखाली मी शिकलो. १९९१ साली चार्जहँड झालो. आपल्या समाजातला त्या खात्यातला पहिला. गावात सत्कार झाला, नारळ मिळाला. आणि मित्रहो, माझ्या अंगात वारे शिरले. मला वाटू लागले की माझ्याकडे सगळे चूक शोधायला बसले आहेत, तेव्हा माझ्या पाळीत मिल थांबता कामा नये. ज्यांनी साखर कारखाना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाणीत मोळी पडली की ऊस कटरखालून पहिल्या मिलमध्ये जातो, तिथून दुसरीत, तिसरीत, चौथीत. एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये चोथा नेणारा साखळीचा कॅरियर असतो. एक साखळी तुटली की मागचे सगळे थांबते, यार्डात गाड्या-बैलगाड्यांची रांग लागते, आणि किती मिनिटे मिल बंद होती ते लॉगबुकात लिहावे लागते. सकाळी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच असतो.

१९९४-९५ चा हंगाम. माझ्या पाळीत एक हंगामी हेल्पर होता, वीस-एकवीस वर्षांचा. नाव सांगत नाही. कानाचा फार तिखट. एका रात्री पळत आला आणि म्हणाला, 'दादा, तिसऱ्या मिलच्या कॅरियरमधनं खटखट आवाज येतोय, साखळी जाणार.' मी मिल थांबवली. वीस मिनिटे शोधले, काही सापडले नाही. पुन्हा चालू केली. सकाळी मीटिंगमध्ये मला बोलणी बसली. ती मी संध्याकाळी, दहा माणसांसमोर, व्याजासकट त्या पोराला परत केली. 'तुला कानाचा डॉक्टर दाखव,' असे म्हणालो. सगळे हसले. तोही हसला, खाली मान घालून.

तीन आठवड्यांनी त्याला तोच आवाज पुन्हा आला. या वेळी तो मला सांगायला आला नाही. कॅरियरची जाळी आधीच कोणीतरी काढून ठेवलेली होती, ती बसवून घेणे माझे काम होते. तो पाना घेऊन चालू साखळीजवळ वाकला, स्वतःच बघावे म्हणून. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

अपघाताचा अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य होते, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.' ते मी लिहिले, खाली माझी सही आहे. त्याला नुकसानभरपाई मिळाली, पुढे कामावर कायमही केले. परंतु ते वाक्य तसेच राहिले. आणि साखळीचा दुवा खरोखरच चिरलेला होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी ती उतरवल्यावर दिसले.

हंगाम संपल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तोच म्हणाला, 'दादा, तुम्ही त्या दिवशी तसं बोलला नसता, तर मी तुम्हालाच सांगायला आलो असतो.' एवढेच. रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाला.

तुम्हाला कंपनीच्या प्रशिक्षणात सांगतील की कामगाराने पुढाकार घ्यावा, सूचना कराव्यात, सूचनापेटी ठेवावी. ठेवा पेटी. परंतु वीस मिनिटे वाया घालवणारी खोटी वर्दी जो साहेब शांतपणे ऐकून घेऊ शकत नाही, त्याला खरी वर्दी कधीच मिळत नाही. मी त्या वीस मिनिटांचा हिशेब ठेवला आणि दोन बोटांचा ठेवला नाही.

त्याच वर्षी वर्षावासात एका भन्तेजींचे प्रवचन आमच्या गावी झाले. मी मागे बसलो होतो, मन ठिकाणावर नव्हते. ते पवारणेविषयी सांगत होते. तीन महिने भिक्षू एकत्र राहतात आणि वर्षावास संपतो त्या दिवशी प्रत्येक जण संघापुढे हात जोडून विनंती करतो की, माझ्या वागण्यात तुम्हाला काही चूक दिसली असेल, कानावर आली असेल, किंवा तशी शंका जरी आली असेल, तर माझ्यावर अनुकंपा करून मला सांगा. मला पटले तर मी सुधारेन. आणि ही विनंती प्रथम कोण करतो? सर्वांत ज्येष्ठ भिक्षू. नवा पोरगा शेवटी. खुद्द तथागतांनीही भिक्षूंसमोर, माझ्या काया-वाचेत काही दोष दिसतो का, असे विचारल्याची नोंद संयुत्तनिकायात आहे.

मी तिथे बसल्या जागी सरळ झालो. मला कळले की माझ्या पाळीत काय उलटे चालले होते. आमच्याकडे चूक वरून खाली सांगितली जात होती. खालून वर जायला वाट नव्हती. आणि 'दिसली, ऐकली किंवा शंका आली' या तीन पायऱ्या बघा. नुसती शंका सुद्धा सांगायची मुभा! त्या पोराकडे पुरावा नव्हता, फक्त कानाची शंका होती. यंत्राच्या बाबतीत शंका हीच सर्वांत मोलाची असते, कारण पुरावा मिळेपर्यंत यंत्र मोडलेले असते.

पुढच्या हंगामात मी एक गोष्ट सुरू केली. तिला काही नाव दिले नाही. पाळी बदलताना पाच मिनिटे सगळ्यांनी मिलच्या दाराशी, त्याच माठाजवळ, उभे राहायचे. आधी मी सांगायचे की आज माझे काय चुकले. पहिल्या दिवशी मी त्या अहवालातल्या वाक्याविषयी सांगितले. तो पोरगा समोर उभा होता. सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी कोणी काही बोलले नाही. आठवडाभर मी एकटाच माझ्या चुका सांगत होतो आणि लोक मजा बघत होते. मला वाटले, हे फसणार. आठव्या-नवव्या दिवशी एका ऑइलमनने सांगितले की रात्री झोप लागून त्याचा एका बेअरिंगला तेल घालण्याचा फेरा चुकला. पूर्वी हे त्याने मेला तरी सांगितले नसते. मी त्याला काय म्हणालो असेन? काही नाही. ते बेअरिंग आधी तपासले, मग त्याच्या घरी कोण आजारी आहे ते विचारले.

सगळेच गोड झाले असे समजू नका. या मुभेचा गैरफायदा घेणारेही होते. एक जण रोज चूक कबूल करायचा आणि रोज तीच करायचा. त्याला मी मेमो दिला. चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही याचा अर्थ चूक न सुधारणाऱ्याला शिक्षा नाही असा होत नाही, एवढे तारतम्य पुढाऱ्याला असले पाहिजे. विनयपिटकातही नियम आहेत, दंड आहेत.

मलकापूरचे उदाहरण घ्या. चोवीस तास पाणी देणाऱ्या योजनेमुळे या गावाचे नाव देशभर झाले. मी फिटर माणूस, मला त्यातले आवडते ते वेगळेच. नळाला तासभरच पाणी सोडले की बाकीच्या वेळी पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप फुटलेल्या जागेतून बाहेरची घाण आत ओढतो. पाइपमध्ये कायम दाब असला की घाण आत येत नाही आणि गळती कुठे आहे ते लगेच वर दिसते. माणसांतल्या बोलण्याचेही तसेच आहे. वर्षातून एकदा सूचना मागवल्या तर जे येते ते गढूळच येते.

आता वाढीविषयी. विषयात 'प्रगतिशील' असा शब्द आहे. माणूस कामावर वाढतो म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर आपल्या तालुक्यातल्या काले गावी जा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था तिथे सुरू केली. त्या काळात ते ओगले, किर्लोस्कर, कूपर अशा कारखानदारांकडे काम करत होते, किर्लोस्करांचा लोखंडी नांगर गावोगाव खपवत हिंडत होते. गावे पाहिली, पोरे पाहिली, तीच त्यांची पाठशाळा. पुढे १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले, तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत बसत, स्वयंपाक मुलेच करत, शेतात राबत, आणि शिकत. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडले. नेतृत्व हा शब्द त्या माउलीने कधी ऐकला असेल असे मला वाटत नाही.

कुंडलजवळ किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना तिथे पहारेकरी नेमले होते. ज्याच्यावर जगाचा विश्वास नाही त्याच्या हातात कंदील आणि काठी द्यायची. मी भांडवलदारांची आरती करणाऱ्यांपैकी नाही, हे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. परंतु चांगले ते घ्यावे.

आम्ही आमच्यापुरते छोटेसे केले. त्या बोटे गेलेल्या पोराला मिलवर अवजड काम जमेना. मी त्याला म्हणालो, बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बस. तो नववी नापास. मी आणि बॉयलरवरचा एक जुना अटेंडंट, आम्ही बंद हंगामात त्याला शिकवू लागलो. वॉटर गेज कसा वाचायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह कसा तपासायचा, पाण्याची पातळी खाली गेली तर आधी काय करायचे. एकाचे पाहून आणखी चार जण येऊन बसले, त्यांत दोघे आपल्या समाजाबाहेरचे. तो पहिल्यांदा नापास झाला. दुसऱ्यांदा दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळाले. बॉयलरवर कान लागतोच, आणि कान तर त्याचा होताच.

शिकवताना एक अडचण आली ती सांगतो. काही जुने लोक शिकवायला तयार नसत. 'ह्याला शिकवलं तर माझी किंमत काय राहील?' असे त्यांना वाटे. त्यांना मी दोष देत नाही. ज्या जागी बढती वशिल्याने मिळते, तिथे माणूस आपले ज्ञान मुठीत धरून ठेवतो, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नसते. प्रशिक्षणाच्या यादीत साहेबांचा भाचा पहिला असेल तर तुम्ही कितीही सुविचार लावा, पोरे शिकत नाहीत. ती भाचा व्हायचा प्रयत्न करतात.

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. त्यात नोकर-कामगारांशी मालकाने कसे वागावे ते पाच गोष्टींत सांगितले आहे. ताकद पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, काही विशेष गोडधोड आले तर वाटून खावे, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. कामगारानेही द्यायचे ते दिले पाहिजे: दिलेलेच घ्यावे, काम नीट करावे, आणखीही आहे. परंतु मालकाचे पाच आधी सांगितले आहेत, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या एकोणचाळीस वर्षांत पहिल्या गोष्टीवरून जितकी भांडणे पाहिली तितकी पगारावरून पाहिली नाहीत. ताकद पाहून काम. पाहायला वेळच कोणाला असतो?

आणि आजारपणाची ती गोष्ट. एक भिक्षू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. मग इतरांना विचारले, याच्याकडे कोणी का पाहिले नाही? उत्तर आले, भगवान, हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. अडीच हजार वर्षे झाली, हे उत्तर मी प्रत्येक खात्यात ऐकले आहे.

भगिनींसाठी दोन शब्द. दवाखान्यात, बँकेत, कंपनीत तुमची संख्या वाढली आहे. रात्रपाळीनंतर घरी कसे जायचे, कपडे बदलायला खोली आहे का, हे प्रश्न तुम्ही विचारले तर पुरुष सहकाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. २०१३ च्या कायद्याने जिथे दहा किंवा जास्त माणसे कामाला आहेत तिथे अंतर्गत तक्रार समिती असणे सक्तीचे आहे. तुमच्या ठिकाणी ती आहे का, तिच्यात कोण आहे, ते सोमवारी विचारा.

आता थोडे कडू बोलतो, अध्यक्ष महोदयांनी क्षमा करावी. आपण दुसऱ्यांच्या कारखान्याविषयी एवढे बोलतो, आपल्या मंडळांत काय चालते? पंधरा-पंधरा वर्षे खजिनदार एकच. हिशेब विचारला की 'तुझा माझ्यावर विश्वास नाही का?' जयंतीच्या वर्गणीवरून दोन मंडळांची चार होतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, भिक्षुसंघाला सभेच्या कामकाजाचे सारे नियम ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळे. त्याच भाषणात त्यांनी व्यक्तिपूजेबद्दलही बजावले. आपण फोटोला हार घालतो आणि सभेचे इतिवृत्त लिहीत नाही. कंपनीत तुम्ही लोकशाही मागणार आणि विहाराच्या मीटिंगला येणार नाही, हे जुळत नाही.

आणखी एक. आपली काही मुले मोठ्या हुद्द्यावर गेली की ऑफिसात आडनाव विचारले तर विषय बदलतात. मी त्यांना भित्रे म्हणत नाही. मला माझा माठ आठवतो. परंतु त्यांच्या हाताखाली जो नवा पोरगा लागतो, तो त्यांच्याकडे बघत असतो. त्याला कोपराने ढोसून बाजूला करणारे तुम्ही होऊ नका.

माझा वेळ संपत आला आहे, कार्यकर्ते घड्याळ दाखवत आहेत. एक निवेदन करून थांबतो. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी दहा वाजता इथेच, विहाराच्या मागच्या खोलीत, बॉयलर अटेंडंट आणि वायरमनच्या परीक्षेचा अभ्यास घ्यायचे ठरले आहे. फी नाही. कोणत्याही समाजाचा मुलगा-मुलगी चालेल. बॉयलरचा भाग मी शिकवणार नाही, मला तो अर्धवटच येतो. शिकवायला जो येणार आहे तो तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसला आहे, हात वर करायला सांगितले तर करणार नाही. नऊ-सव्वानऊलाच या, कारण तो वेळेचा पक्का आहे. वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली नको, पाणी इथे आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.